रेसिमिक मिश्रण

ज्या मिश्रणात एखाद्या रेणूची डावी आणि उजवी, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असतात त्याला रेसिमिक मिश्रण म्हणतात. ही रूपं डाव्या-उजव्या चपलेसारखी, जुळी पण एकावर एक न बसणारी, त्यांना एनॅन्शिओमर म्हणतात. एक रूप ध्रुवित प्रकाशाचं (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचं) प्रतल जेवढं उजवीकडे वळवतं तेवढंच दुसरं डावीकडे, त्यामुळे प्रकाश किती वळला याचं मिश्रणाचं रीडिंग शून्य येतं. नावाआधी अधिक-उणे चिन्ह किंवा डीएल दिसलं की समजायचं माल रेसिमिक आहे.

लॅबमध्ये हे न मागता मिळतं. अ‍ॅसिटाल्डिहाइडवर हायड्रोजन सायनाइड टाकून पुढे लॅक्टिक अ‍ॅसिड बनवलं तर कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा भाग) सपाट असल्यामुळे सायनाइड वरून आणि खालून सारखाच येऊन चिकटतो आणि दोन्ही रूपं समान बनतात, आपले स्नायू मात्र एकच रूप बनवतात कारण ते बनवणारं एन्झाइम स्वतःच एका हाताचं, म्हणजे फक्त डावं किंवा फक्त उजवं असतं.

१८४८ मध्ये पॅरिसला लुई पाश्चरने सोडियम अमोनियम टार्टरेटचे स्फटिक चिमट्याने उचलून दोन ढीग केले, एकाचं द्रावण प्रकाश उजवीकडे वळवायचं, दुसऱ्याचं डावीकडे. प्रकाश वळण्याचा अभ्यास केलेले म्हातारे भौतिकशास्त्रज्ञ बियो यांचा विश्वास बसेना, त्यांनी आपल्यासमोर परत करायला लावलं. यात नशीबही होतं बरं का, हे मीठ साधारण २७ अंशांच्या खालीच असं वेगवेगळं स्फटिकतं, बहुतेक पदार्थांत दोन्ही रूपं एकाच स्फटिकात बसतात आणि मग गुणधर्मही बदलतात. शुद्ध टार्टारिक अ‍ॅसिड १७० अंशांच्या आसपास वितळतं, रेसिमिक थेट २०६ च्या आसपास, त्यामुळे 'प्रकाश वळवणं सोडून बाकी सगळं सारखं' हे वाक्य दोन शुद्ध रूपांची तुलना करताना ठीक आहे, मिश्रणाला लावू नये. आता वेगळं करायला कायरल, म्हणजे स्वतः एकाच हाताचं, आम्ल-बेस किंवा तसाच पदार्थ भरलेली नळी (कायरल कॉलम) वापरतात.

औषधांत हा शब्द रोज लागतो. अ‍ॅलर्जीवरचं सेटिरिझिन रेसिमिक आहे, त्यातलं कामाचं रूप वेगळं काढलं की लिव्होसेटिरिझिन, म्हणून १० मिग्रॅच्या जागी ५ मिग्रॅची गोळी. पण दरवेळी असं वेगळं काढण्यात फायदा असतोच असं नाही, आयबुप्रोफेनचं निष्क्रिय रूप शरीरातच बऱ्याच प्रमाणात सक्रिय रूपात बदलतं, त्यामुळे ते बहुतेक वेळा रेसिमिकच विकलं जातं.

गरोदर बायकांनीही घेतलेल्या थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचं उदाहरण क्लासमध्ये हमखास देतात की एक रूप चांगलं, दुसऱ्याने बाळांना व्यंग आलं, शुद्ध दिलं असतं तर वाचले असते. पश्चिम जर्मनीत १९५७ ला आलेलं हे औषध १९६१ ला मागे घेतलं हे खरं, पण त्याची दोन्ही रूपं शरीरात एकमेकांत बदलत राहतात, म्हणजे शुद्ध गोळी दिली असती तरी पोटात गेल्यावर मिश्रण तयार झालंच असतं. या बदलण्याला रेसिमीकरण म्हणतात.