सवड आणि कलाशिक्षण, मराठवाड्यातील

पोटापाण्याच्या कामातून सुटलेला आणि परीक्षेची घाई नसलेला वेळ म्हणजे सवड. कला अंगी मुरायला तालमीइतकीच तिचीही गरज असते. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या खंडात संगीतशिक्षणाचा विचार या सवडीशी जोडूनच केला.

मराठवाड्यात सवड ठरवली ती शेतीने. शेती बहुतांशी जिरायत. रब्बीची सुगी आटोपली की मृगापर्यंत रानात फारसे काम नसते. गावोगावचे अखंड हरिनाम सप्ताह बरेचसे याच दिवसांत होतात. काकडा, पारायण, गाथाभजन, हरिपाठ, कीर्तन, जागर हा क्रम म्हणजे खेड्यातल्या पोराची पहिली संगीतशाळा. आधी त्याच्या हाती टाळ येतो. मागच्या रांगेत उभा राहून, मोठ्यांच्या पायांकडे बघत तो पावली टाकतो. चुकला तर शेजारचा टाळकरी कोपराने हलकेच ढोसतो. चाल कुणी समजावून सांगत नाही, ती कानावर पडून पडून बसते. हात तालाला पक्का झाला की एखाद्या जागराच्या उत्तररात्री, माणसे पेंगत असताना, मृदंग त्याच्यापुढे सरकवला जातो. चुकण्याची ही मुभा हाच या शिक्षणाचा गाभा होय. पैठणच्या एकनाथांची भारुडे आणि तुळजापूरच्या आराध्यांची, म्हणजे तुळजाभवानीच्या उपासकांची, गाणीही ऐकता ऐकताच पुढच्या पिढीकडे गेली.

बायकांच्या वाट्याला अशी सवड क्वचितच आली. पहाटे आईच्या हाताशेजारी जात्याचा खुंटा धरून लेक ओवी शिकली. तिच्यासाठी कामाचा वेळ हाच कलेचा वेळ होता.

रेखाकलेच्या शासकीय ग्रेड परीक्षा आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या (स्थापना १९३१) संगीत परीक्षांनी शिक्षणाला शिस्त दिली, हे मोलाचे काम आहे. मात्र दहावीच्या वाढीव गुणांसाठी चित्र काढणाऱ्या मुलाचा ब्रश निकालानंतर बहुधा वाळतोच. ‘लातूर पॅटर्न’ने नावारूपाला आलेल्या शिकवण्यांच्या वेळापत्रकात संध्याकाळही मोकळी राहत नाही.

सर्वांत मोठी झळ बसते ती ऊसतोड मजुरांच्या मुलांना. बीड व आसपासची ही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीवर, धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम मुलांवर पडते. शाळेतला चित्रकलेचा तास आणि गावातले भजन दोन्ही एकदम सुटतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) सहावी ते आठवीसाठी, स्थानिक कारागीर-कलावंतांकडे शिकण्याकरिता, दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. ते दिवाळीआधी घेतले, तरच या मुलांच्या वाट्याला येतील.