एको पोपट (मॉरिशस)

हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर मूळच्या पोपटांपैकी आज ही एकच जात उरली आहे. शास्त्रीय नाव सिट्टाक्युला इक्वेस. तिथल्या क्रिओल बोलीत ‘कातो व्हेर’. शेजारच्या रियुनियन बेटावरचे त्याचे भाईबंद केव्हाच नामशेष झाले.

मराठी माणूस तिथे गेला तर हमखास फसेल, कारण आपला कंठवाला पोपटही पिंजऱ्यातून सुटून बेटभर पसरला आहे आणि एकोच्या ढोल्या बळकावतो. खूण मादीच्या चोचीत सापडते. आपल्या पोपटाच्या मादीची वरची चोच लाल, एकोच्या मादीची काळी. एकोचा हिरवा रंग अधिक गडद, पंख गोलसर आणि आवाज खालच्या पट्टीतला.

1980च्या दशकाच्या मध्यावर जेमतेम डझनभर पक्षी उरले होते. जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स आणि त्यांचे सहकारी बेटाच्या नैऋत्येकडील ब्लॅक रिव्हरच्या दऱ्यांत एकेका घरट्यावर नजर ठेवून राहिले. या जातीला वाचवले ते मुख्यतः त्या चिकाटीच्या निरीक्षणाने. मादी 2 ते 4 अंडी घालते आणि एकटीच उबवते. नर जवळच्या झाडावरून साद घालतो. ती बाहेर येते आणि तो पोटातले अन्न उलटून तिला भरवतो. कधी एकाच मादीपाशी एकाहून अधिक नर असतात. अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत. धाकटी पिल्ले उपाशी मरतात आणि बहुधा एकच उडते. उरलेल्यांत काहींचे रक्त घरट्यातल्या माशीच्या अळ्या शोषतात, काही उंदरांच्या तोंडी जातात.

उपाय या नोंदींतूनच निघाले. जादा पिल्ले दुसऱ्या मादीच्या ढोलीत ठेवली किंवा हाताने वाढवली, ढोलीत कीटकनाशक टाकले, उंदीर-माकडे चढू नयेत म्हणून खोडाला गुळगुळीत प्लास्टिक गुंडाळले. हाताने वाढवलेले पक्षी 1997पासून रानात सोडले गेले. माणसांनी लावलेल्या लाकडी पेट्यांत घरटी करायला आधी तेच धजावले. 2005च्या सुमारास चोच आणि पिसे झडवणाऱ्या विषाणूने तडाखा दिला, तरीही संख्या वाढत राहिली.

2019 साली सुमारे 750 पक्षी होते आणि धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत ही जात ‘संकटग्रस्त’ गटातून कमी धोक्याच्या ‘असुरक्षित’ गटात आली. मात्र बेटावर चांगले मूळ जंगल 2 टक्क्यांहूनही कमी उरले आहे आणि त्यातही बाहेरून आणलेला चिनी पेरू माजला आहे. जुनी, ढोलीची झाडे थोडी असल्याने बऱ्याच जोड्या अजून पेट्यांत अंडी घालतात.