लिफाफा उघडल्यावर सापडलेली चूक

पश्चिम बंगालमधल्या एका टोल वसुलीच्या निविदेत एकाने आकडा भरला 9,72,999 रुपये. कंत्राट 1,095 दिवसांचं. रक्कम पूर्ण मुदतीची भरायची होती, याने एका दिवसाची भरली. दर उघडल्यावर त्याने विनंती केली की आकडा 1,095 ने गुणावा. तसं केलं की बोली 106 कोटी 54 लाखांवर जाते आणि 91 कोटी 19 लाखांची सर्वांत चढी बोली मागे पडते. कलकत्ता उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती करू दिली. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

हा पेच जुना आहे. 1872 च्या करार कायद्यानुसार प्रस्ताव स्वीकारला जाण्याआधी मागे घेता येतो. पण सरकारी कामात बयाणा, म्हणजे बोलीसोबत भरलेली अनामत रक्कम, मध्ये येते. फुकटात माघार घेता आली, तर सर्वांत चांगली बोली देणारा ऐनवेळी बाजूला होऊन आपल्याच ओळखीच्या दुसऱ्याला वाट करून देईल. म्हणून बोली वैध असण्याच्या मुदतीत माघार घेतली तर बयाणा जप्त करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकरणात मान्य केलं.

प्रत्येक चूक मात्र जीवघेणी नसते. वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्सने भंगार विक्रीसाठी बयाणा रोख किंवा स्टेट बँकेच्या ड्राफ्टने मागितला होता. एका कंपनीने युनियन बँकेचा, बँकेनेच प्रमाणित केलेला चेक जोडला. पोद्दार स्टील प्रकरणात (1991) न्यायालयाने अटींचे दोन वर्ग केले: पात्रतेच्या मूळ अटी आणि पूरक अटी. पूरक अट कार्यालयाला शिथिल करता येते.

दराचं तसं नाही. पुरुलियाच्या उदंचन (पाणी उपसून वर साठवणाऱ्या) जलविद्युत प्रकल्पात पटेल इंजिनिअरिंग आणि तिच्या भागीदारांनी सांगितलं की संगणकामुळे एकच चूक नोंदीमागून नोंदीत उतरली. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती नाकारली. माझ्या मते आजच्या निकालांचा पाया हाच आहे. इतरांचे दर समोर आल्यावर आपला आकडा बदलू देणं म्हणजे स्पर्धाच मोडणं. चूक प्रामाणिक असली तरीही.

आकडेमोडीच्या चुकीसाठी सरावातला नियम आहे. 120 घनमीटर खोदकाम, दर 450, आणि रकमेच्या रकान्यात 54,000 ऐवजी 5,400 लिहिलं, तर दर धरायचा आणि रक्कम सुधारायची. दरातच दशांशचिन्ह उघड चुकलं असेल तर एकूण रक्कम धरायची. ई-निविदेत गुणाकार एक्सेल शीटच करतं, त्यामुळे ही चूक जवळपास संपली. पण टक्केवारीच्या निविदेत दर अंदाजपत्रकापेक्षा ‘जादा’ की ‘कमी’ हे माणूसच निवडतो. रक्कम दिवसाची की मुदतीची, हे शीटला कळत नाही.

कोटींचं भानही शीटला नसतं. सीमा सडक संघटनेच्या एका निविदेत 1,569 कोटींऐवजी नुसते 1,569 रुपये भरले गेले. रस्त्याचं काम एवढ्या पैशांत होणार नाही, हे कुणालाही दिसतं. तरी 15 कोटी 4 लाखांचा बयाणा जप्त झाला. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जप्ती 1 कोटीवर आणली. मला हे योग्य वाटतं. काम कंत्राटदाराला मिळालं नाही आणि हलगर्जीपणाची किंमतही त्याने मोजली, पण बाकीचे 14 कोटी सरकारचं नुकसान नव्हतंच.