कृष्णधवल फोटोही रंगीतच स्कॅन करा

आजी-आजोबांच्या लग्नाचा पिवळा पडलेला फोटो स्कॅन करताना ‘ग्रेस्केल’ (फक्त करड्या छटा) निवडलं, की तिथेच नुकसान होतं. फोटो कृष्णधवल असला तरी त्यावरचा डाग रंगीत असतो, आणि तो काढण्याची किल्ली त्या रंगातच असते.

कृष्णधवल फोटोतली प्रतिमा जिलेटिनच्या थरातल्या चांदीच्या सूक्ष्म कणांनी बनलेली असते. हे कण लाल, हिरवा आणि निळा प्रकाश जवळपास सारखाच शोषतात. पिवळा डाग मात्र मुख्यतः निळा प्रकाश गिळतो, लाल बराचसा परत पाठवतो. म्हणून रंगीत स्कॅन ‘गिंप’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून ‘डीकम्पोज’ने तिन्ही चॅनेल (लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाची स्वतंत्र चित्रं) वेगळे केले, की निळ्यात डाग गडद दिसतो, हिरव्यात फिका होतो आणि लालमध्ये बऱ्याचदा उरतच नाही. लाल ठेवायचा, बाकीचे दोन सोडायचे. ब्रशने तासन्‌तास डाग पुसत बसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण चेहऱ्याला हातच लागत नाही. निळ्या शाईच्या डागासाठी उलट निळा चॅनेल पाहावा. सेपिया फोटोत प्रतिमाच तपकिरी असते, त्यामुळे लाल चॅनेल फिका येतो. तिथे हिरवा बरा.

स्कॅन 600 डीपीआय (दर इंचाला 600 ठिपके), 48-बिट रंग (जास्त बारीक छटा) आणि टिफ फाइल (तपशील न गमावता साठवणारी) असा ठेवावा. 4×6 इंची फोटोची फाइल साधारण 52 एमबी होते. 2×3 इंची फोटोला 1200 डीपीआय द्या. स्कॅनरची आपोआप उजळ करण्याची आणि धारदारपणा वाढवण्याची सोय बंद ठेवा; ती पांढऱ्या साडीची किनार, नक्षी उडवून टाकते. दुरुस्ती नेहमी प्रतीवर करावी. एआय अॅपने ‘स्पष्ट’ केलेल्या चेहऱ्याबाबत सावध राहा: फोटोत नसलेले डोळे-ओठ ते अंदाजाने रचतं.

धूळ रबरी ब्लोअरने उडवा. ओलं फडकं नको, पाण्याने जिलेटिन फुगतं. पावसाळ्यातल्या दमटपणाने मऊ होऊन काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, प्रतिमेचा थर काचेवरच राहील. तो काचेसकटच टिपायचा. प्रिंटरसोबत येणारे बरेच पातळ स्कॅनर सीआयएस प्रकारचे (काचेला अगदी लागून सेन्सर असलेले) असतात, त्यांना काचेच्या जाडीपलीकडचं धूसर दिसतं. अशा वेळी कॅमेरा स्टँडवर लावा, दोन्ही बाजूंनी 45 अंशांत सारखे दिवे ठेवा आणि कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा, म्हणजे काचेत प्रतिबिंब येत नाही.