एचटीटीपी १.० बंद करण्याआधी: त्या आकड्याचा मागोवा

संत्रापट्ट्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा जुना सर्व्हर या उन्हाळ्यात बदलला. नव्या मांडणीत एन्व्हॉय हा मागण्या पुढे पोचवणारा मध्यस्थ आला आणि पहिल्याच दिवशी वावरातल्या पर्जन्यमापकांच्या नोंदी यायच्या थांबल्या. लॉगमध्ये एकच उत्तर पुन्हा पुन्हा दिसत होतं: ४२६, म्हणजे वरची आवृत्ती घेऊन या. त्याच दिवशी संकलन केंद्रावरच्या पोरांच्या मोबाइलवरही तेच ४२६. पर्जन्यमापकाच्या पेट्या जुन्या आहेत, हे सगळ्यांना माहीत होतं. पण फोन तर नवे होते. तरी बैठकीत ठरलं ते असं की जुनी उपकरणं एचटीटीपीची, म्हणजे वेबवर यंत्रं ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्यांची, १.० ही जुनी आवृत्ती बोलतात, ती बदला आणि १.० कायमचं बंद करा. तो निर्णय आता स्थगित आहे. त्यामागचा घोळ बराच जुना आहे, आणि तो समजल्याशिवाय दोन्ही बाजूंचं म्हणणं नीट तोलता येत नाही.

अगदी सुरुवातीचं थोडक्यात. १९९१च्या एचटीटीपीत आवृत्तीचा आकडाच नव्हता. एका ओळीत मागणी, उत्तर आलं की कनेक्शन बंद. त्याला ०.९ हे नाव नंतर मिळालं. मे १९९६ मध्ये १.० चा दस्तऐवज आला, आरएफसी १९४५ (इंटरनेटच्या क्रमांकित तांत्रिक दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात). तो मानक म्हणून नव्हे, माहिती म्हणून निघाला होता. लोक आधीच जे वापरत होते त्याची ती नोंद होती. म्हणून १.० चं वागणं प्रत्येक ठिकाणी थोडं वेगळं. कोणी होस्ट हेडर, म्हणजे कोणती साइट हवी ते सांगणारी ओळ, पाठवी, कोणी नाही. कोणी कनेक्शन चालू ठेवा म्हणे, आणि मधल्या प्रॉक्सीला, म्हणजे मागणी पुढे नेणाऱ्या मध्यस्थाला, ते कळत नसे. न कळलेलं हेडर ती तशीच पुढे ढकले. मग पलीकडचा सर्व्हर कनेक्शन उघडं ठेवी आणि प्रॉक्सी ते बंद व्हायची वाट बघत बसे. जानेवारी १९९७ मध्ये आलेल्या १.१ ने यातलं बरंच निस्तरलं. होस्ट सक्तीचं झालं, कनेक्शन उघडं राहणं हा नियम झाला, आणि लांबी आधी माहीत नसलेला मजकूर तुकड्यांत पाठवायची सोय झाली.

खरी गुंतागुंत संदेशाच्या पहिल्या ओळीतल्या आकड्याची आहे. १.० किंवा १.१ हा आकडा कोणाबद्दल सांगतो? बहुतेकांना वाटतं, मूळ उपकरणाबद्दल. तसं नाही. तो त्या टप्प्यावर संदेश पाठवणाऱ्याची कुवत सांगतो. मोर्शीहून काळीपिवळीनं अमरावतीला आलात आणि पुढे एसटीनं नागपूरला निघालात, तर एसटीचा कंडक्टर काळीपिवळीचं भाडं विचारत नाही. पुढचं तिकीट नवं निघतं. प्रॉक्सीचंही तसंच. मागून काय आलं ते मागे राहिलं; पुढे जाताना आकडा प्रॉक्सीचा स्वतःचा.

हे मे १९९७ मध्ये आरएफसी २१४५ या स्वतंत्र दस्तऐवजात लिहावं लागलं, म्हणजे १.१ निघून सहा महिनेही झाले नव्हते तोवर गोंधळ उघड झाला होता. जून १९९९ च्या आरएफसी २६१६ ने नियम केला, पण तो तिघांना तीन तऱ्हेचा. साठा करणाऱ्या प्रॉक्सीने मागणी आपल्याला येणाऱ्या सर्वांत वरच्या आवृत्तीवर नेलीच पाहिजे. गेटवेने नेली तर चालेल. टनेलने, म्हणजे मजकुरात न डोकावता तो तसाच पुढे देणाऱ्याने, मुळीच नेऊ नये. आता सर्व्हरच्या पुढे बसणारी, आपण ज्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतो ती, या भाषेत गेटवे ठरते. तिच्यासाठी सक्ती नव्हती, मुभा होती. माझ्या मते आजच्या निम्म्या अडचणी त्या एका मुभेतून आल्या आहेत. जून २०१४ मध्ये आरएफसी ७२३० ने ती काढून टाकली: टनेल सोडून प्रत्येक मध्यस्थाने स्वतःचाच आकडा पाठवायचा. पण मधली पंधरा वर्षं तर होऊन गेली होती. त्या काळात लिहिलेलं सॉफ्टवेअर आणि त्यातल्या मूळ सेटिंग्ज आजही कामावर आहेत.

त्या पंधरा वर्षांतलं मला जवळून ठाऊक आहे ते स्क्विड या साठा करणाऱ्या प्रॉक्सीचं. आमच्या कॉलेजात एका ब्रॉडबँड लाइनवर सगळी लॅब चालायची आणि मध्ये एक स्क्विड. वीज गेली की इन्व्हर्टरवर तेवढीच मशीन सुरू ठेवायचो. त्या काळचा स्क्विड १.१ ची बरीच वैशिष्ट्यं ओळखायचा, पण स्वतःला १.० म्हणवून घ्यायचा. त्यात त्याचा प्रामाणिकपणा होता. पूर्ण १.१ जमत नसेल तर तसा आकडा लावणं हे मानकाच्या विरुद्ध. स्वतःच्या ३.१ आवृत्तीत त्याने सर्व्हरच्या बाजूला १.१ बोलायला सुरुवात केली आणि २०१२ च्या ३.२ मध्ये दोन्ही बाजूंना. फाइली उतरवून घेणाऱ्या डब्ल्यूगेटचंही (wget) असंच: २०११ मध्ये त्याची १.१३ आवृत्ती येईपर्यंत तो १.० च पाठवायचा.

एनजिनएक्स या रिव्हर्स प्रॉक्सीने मुभेचा पुरेपूर फायदा घेतला. पुढून कोणीही, काहीही बोलत आलं तरी मागच्या सर्व्हरशी तो १.० मध्ये बोलायचा आणि प्रत्येक मागणीनंतर कनेक्शन बंद. मागचा सर्व्हर त्याच खोलीत असेल तर यात काही बिघडत नाही, उलट सोपं पडतं. २०११ मध्ये एनजिनएक्सच्या १.१.४ ला मागच्या सर्व्हरशी बोलायची एचटीटीपी आवृत्ती निवडायचं सेटिंग आलं, पण मूळ सेटिंग पुढे अनेक वर्षं १.० च राहिलं. अशा एनजिनएक्समध्ये आवृत्ती १.१ केली तरी कनेक्शन हेडर रिकामं करावं लागतं, नाहीतर तो 'बंद करा' असंच सांगत राहतो. ही दुसरी ओळ लोक हमखास विसरतात.

एन्व्हॉय याच्या नेमका उलट. त्याचं मूळ धोरण १.० न घेण्याचं. घ्यायचं असेल तर सेटिंग मुद्दाम चालू करावं लागतं आणि होस्ट न पाठवणाऱ्यांसाठी एक ठरावीक होस्टही देता येतं. एन्व्हॉय वापरणाऱ्या इस्टिओ प्रणालीत त्यासाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे बाहेरून द्यायचं सेटिंग, आहे. जुना एनजिनएक्स पुढे आणि एन्व्हॉय मागे, अशी जोडी लावली की पुढचा १.० म्हणतो आणि मागचा ४२६. आमच्या पोरांच्या फोनचं तेच झालं होतं. त्यांची मागणी जुन्या एनजिनएक्समधून जात होती. फोन एनजिनएक्सपर्यंत चांगले नव्या आवृत्तीतच बोलत होते. १.० हा आकडा आमच्याच एनजिनएक्सचा होता आणि दोष फोनला लागला. एक ओळ बदलल्यावर ते ४२६ गेलं.

बंद करावं म्हणणाऱ्यांचा मुद्दा सुरक्षेचा आहे आणि तो खरा आहे. २००५ मध्ये मागणीत मागणी लपवून पाठवण्याचा हल्ला मांडला गेला, २०१९ मध्ये तो नव्याने चर्चेत आला. पुढची प्रॉक्सी लांबी एका हेडरवरून मोजते, मागचा सर्व्हर दुसऱ्यावरून, आणि मधल्या फटीतून भलतीच मागणी आत शिरते. तुकड्यांची पद्धत १.० मध्ये नाहीच, म्हणून १.० चा शिक्का आणि तुकड्यांचं हेडर एकत्र दिसलं की संशय घ्यायलाच हवा. जून २०२२ च्या आरएफसी ९११२ ने ते स्पष्ट सांगितलं: असा संदेश सदोष समजा आणि नंतर कनेक्शन बंद करा. पण यावरून सगळं १.० बंद करा असं निघत नाही. ते हेडर घेऊन येणारं १.० नाकारलं की ही वाट बंद होते. आमचे पर्जन्यमापक लांबी सांगून चार आकडे पाठवतात, तुकडे त्यांना माहीतही नाहीत.

आणखी एक गोष्ट बैठकीत कोणी काढली नाही. सर्व्हरांमध्ये काम वाटणाऱ्या एचएप्रॉक्सीची साधी एचटीटीपी तब्येत-तपासणी, म्हणजे सर्व्हर चालू आहे का हे विचारणारी मागणी, मुळात १.० मध्येच जाते. दरवाजा सरसकट बंद केला असता तर धडधाकट सर्व्हर आजारी ठरून रांगेबाहेर गेले असते.

पेट्यांचा प्रश्न मात्र खराच पेट्यांचा आहे. त्यातला प्रोग्राम मोडेमला हातानं एकेक ओळ देतो, होस्ट पाठवत नाही, आणि उत्तराची पहिली ओळ अक्षर अन् अक्षर ताडून बघतो. १.० ची मागणी आली तरी सर्व्हरने उत्तरावर आपला १.१ चा शिक्का मारणं मानकाला धरूनच आहे. पेटीला ते उत्तर परकं वाटतं आणि ती तीच नोंद पुन्हा पाठवत राहते. अपाची या वेब सर्व्हरमध्ये १.० ला १.० मध्येच उत्तर देण्याची सक्ती करता येते. ती सोय मुळात एका मोठ्या इंटरनेट सेवेच्या प्रॉक्सी अशाच अडल्या म्हणून आली.

उत्तराची लांबी सांगणंही आमच्याकडे महत्त्वाचं. १.० मध्ये लांबी दिली नाही तर कनेक्शन तुटणं हीच मजकूर संपल्याची खूण. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलं, पण वावरात अजून टूजीचं सिमच आहे, आणि टॉवरची बॅटरी उतरली की कनेक्शन असंच मध्ये तुटतं. मग अर्धवट सेटिंग फाइल पेटी पूर्ण समजून बसते. म्हणून पेट्यांना जाणारं उत्तर आधी पूर्ण गोळा करून लांबीसकट पाठवायचं.

आमच्या नोंदी महसूल मंडळाच्या सरकारी आकड्यांची जागा घेत नाहीत. पण चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी धरली जाते, आणि एकाच महसूल मंडळात या शिवारात ढग फुटतो तर त्या शिवारात धूळ उडते. आंबिया बहाराला फवारणी कधी करायची हे लोक याच नोंदींवरून ठरवतात.

सध्या पेट्यांसाठी वेगळा पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं वेगळं दार, ठेवून त्यावर अपाची बसवला आहे. तिथे १.० ला १.० मध्ये उत्तर जातं, तुकड्यांचं हेडर दिसलं की मागणी नाकारली जाते, ठरावीक होस्ट लावलं जातं, आणि आत एन्व्हॉयकडे सगळं १.१ मध्ये जातं. मुख्य पोर्टवर १.० बंद आहे. तब्येत-तपासणीची ओळ १.१ ची करून तिला होस्ट जोडायचं काम राहिलं आहे. ते मृगाच्या आधी करायचं ठरलं आहे.