श्वास कुणी मोजतंय हे कळलं, की तो बदलतो

आजीला समोर बसवा आणि म्हणा, "थांब गं, तुझे श्वास मोजतो." तेवढ्यानंच तिची लय मोडते. ती एक खोल श्वास घेते, जरा थांबते, मग दुसरा घेते. हृदयाचे ठोके आपल्या मर्जीनं चालत नाहीत. श्वास मात्र आपसूकही चालतो आणि मनात आणलं तर बदलताही येतो, म्हणून मोजणारा दिसला की आकडा बिघडतो. मुरलेले डॉक्टर यावर एक युक्ती करतात. मनगट धरून नाडी बघत राहतात आणि नजर हळूच छातीकडे वळवतात. पेशंटच्या ध्यानात न येता मोजण्याची ही गरज वैद्यकात जुनीच आहे. आता गादीखालच्या पट्ट्या, भिंतीवरचे रडार आणि कॅमेरे हेच काम करू लागले आहेत. या सगळ्या यंत्रांचं खरं मोल श्वास मोजण्यात आहे, असं माझं मत आहे. नाडी काय, मनगटावरचं घड्याळही सांगतं.

श्वासाला एवढं महत्त्व का? शरीरात संसर्ग पसरला, फुप्फुसात न्यूमोनिया झाला किंवा हृदय थकलं, की रक्तातला प्राणवायू कमी पडतो किंवा रक्ताची आम्लता वाढते. मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला हे लगेच जाणवतं आणि ते श्वासाचा वेग वाढवतं. रक्तदाब बऱ्याचदा नंतर कोसळतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये रुग्णाची बिघडती तब्येत वेळीच ओळखण्यासाठी 'न्यूज' नावाची गुणपद्धत आणली. त्यात मिनिटाला १२ ते २० श्वास असतील तर शून्य गुण, २१ ते २४ असतील तर २ आणि २५ किंवा त्याहून जास्त असतील तर थेट ३ गुण धरतात. गुण जितके जास्त, तितका धोका मोठा. असं असूनही वॉर्डातल्या चार्टवर सर्वांत दुर्लक्षित रकाना श्वासाचाच असतो. पानामागून पान उलटलं तरी १८, २०, २०, १८ हेच, न मोजता अंदाजानं टाकलेले आकडे दिसतात. एका सिस्टरकडे इतक्या खाटा असतात, की प्रत्येकापाशी मिनिटभर उभं राहून छाती बघायला तिला सवड कुठून मिळणार?

गादीखालची पट्टी चालते ती न्यूटनच्या नियमावर. हृदय दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलतं आणि ते आधी डोक्याच्या दिशेनं झेपावतं. त्याच्या प्रतिक्रियेनं सगळं शरीर किंचित पायांकडे सरकतं. नागपूरच्या अंबाझरी तलावात नावेतून काठावर उडी मारताना नाव मागे हटते, तसंच हे. हा धक्का इतका बारीक असतो, की आपल्याला जाणवतही नाही. पण १८७७ मध्ये गॉर्डन नावाच्या संशोधकाला तो दिसला होता. माणूस वजनकाट्यावर स्तब्ध उभा राहिला, तरी काटा नाडीच्या तालावर हलतो, हे त्यानं टिपून ठेवलं. पुढे १९३९ मध्ये अमेरिकेत आयझॅक स्टार यांनी रुग्णाला टांगत्या मेजावर झोपवून या धक्क्यांचा आलेख काढला. या तंत्राला बॅलिस्टोकार्डिओग्राफी म्हणतात. नंतर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी आली आणि ते अवजड मेज मागे पडलं.

ते तंत्र पुन्हा वर आलं ते कागदासारख्या पातळ प्लास्टिकमुळे. पीव्हीडीएफ नावाच्या या पदार्थावर दाब पडला की त्यात वीज उमटते, हे जपानच्या कावाई यांनी १९६९ मध्ये दाखवलं. त्याची पट्टी गादीखाली छातीच्या रेषेत ठेवली, की श्वास आणि ठोके दोन्ही विजेच्या लाटांमध्ये उतरतात. श्वासाची लाट मोठी आणि संथ असते, मिनिटाला पंधराएक. ठोक्याची लाट तिच्यावर स्वार झालेली बारीकशी असते, मिनिटाला सत्तरएक. संगणकाला या दोन्ही वेगळ्या करायच्या असतात.

आता हे नागपुरात करून बघा. मे महिन्याची रात्र, खिडकीत लोखंडी स्टँडवर कूलर घरघरतोय, त्याची थरथर फरशीतून पलंगाच्या पायापर्यंत येते. ऐकायला भीतीदायक वाटतं, पण ही अडचण त्यामानानं सोपी आहे. कूलरचा पंखा मिनिटाला साधारण ९०० ते १,४०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला १५ ते २३. हृदय सेकंदाला एक-दीड ठोका देतं. दोन्ही वेग एकमेकांपासून इतके दूर आहेत, की गाळणी लावून वेगळे करता येतात. खरा घोळ होतो तो शेजारी झोपलेल्या नातवामुळे. दोन छात्या, दोन हृदयं आणि खाली एकच पट्टी.

रडारची गोष्ट वेगळी आहे. ते भिंतीवरून रेडिओ लहरी सोडतं आणि छातीवर आपटून परत आलेल्या लहरी वाचतं. त्याच्या ६० गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी ५ मिलिमीटर असते. छाती एक मिलिमीटर पुढे आली, तर लहरीचा जाण्यायेण्याचा रस्ता दोन मिलिमीटरनं कमी होतो. ५ मिलिमीटरच्या लहरीत हा फरक भरपूर मोठा आहे, त्यामुळे चादरीआडचा श्वासही पकडता येतो. मात्र हाच बारकावा त्याच्या अंगलट येतो. कूलरच्या वाऱ्यानं पडदा संथपणे आतबाहेर होत असेल, तर त्याची हालचाल श्वासाच्याच वेगाची असू शकते, आणि मग पडदाच श्वास घेत असल्याचा भास यंत्राला होतो. रडार बसवणाऱ्यानं भिंतीवरची जागा ठरवण्याआधी कूलर सुरू करून दहा मिनिटं पडदा आणि मच्छरदाणीकडे बघत बसावं.

कॅमेरा चेहऱ्याच्या त्वचेतला हिरव्या प्रकाशाचा चढउतार वाचून नाडी सांगतो. अंधारात तो साध्या प्रकाशावर चालत नाही आणि बेडरूममध्ये तो कुणालाच नको असतो, म्हणून त्याबद्दल इथे एवढंच. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर करोनात घरोघरी आला. पण सावळ्या त्वचेवर तो प्राणवायू खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, आणि डिसेंबरच्या थंडीत बोटं गार पडली की त्याचा सिग्नलही दुबळा होतो.

हालचाल मोजणाऱ्या सगळ्याच यंत्रांची एक उणीव मला फार महत्त्वाची वाटते. झोपेत घोरता घोरता ज्यांचा घसा मिटतो, त्यांची छाती श्वास ओढायची धडपड करतच असते, हवा मात्र आत जात नाही. पट्टीला छाती हलताना दिसते आणि ती श्वास मोजत राहते. यंत्र हालचाल मोजतं, हवा मोजत नाही. ज्यांच्या घरी जोरानं घोरणारं आणि दिवसा पेंगणारं माणूस आहे, त्यांनी पट्टीवर विसंबून न राहता डॉक्टरांकडून झोपेची तपासणी करून घ्यावी.

उन्हाळ्याचाही एक पेच आहे. पारा ४५ च्या घरात गेला, की अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त जातं आणि हृदयाला जास्त पळावं लागतं. मार्चमधली नाडी आणि मेमधली नाडी सारखी नसते. म्हणून सगळ्यांना एकच मर्यादा लावणारं यंत्र या गावात नको तेव्हा कोकलेल. त्या माणसाच्या मागच्या दहा-पंधरा रात्रींशी आजची रात्र ताडून बघणारं यंत्र मला जास्त पटतं. उष्माघात ओळखायचं काम मात्र यातल्या कुणावरही सोपवू नये. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर जाणं हे त्याचं लक्षण, आणि गादीखालची पट्टी ते मोजतच नाही. म्हातारं माणूस उन्हात असंबद्ध बोलू लागलं, तर १०८ ला फोन लावा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सावलीत नेऊन अंग ओलं करा, वारा घाला.

मुलं पुण्या-बंगळुरूला किंवा परदेशात, आणि आईबाबा नागपुरात धरमपेठेतल्या किंवा प्रतापनगरातल्या घरात एकटे, अशा कुटुंबांसाठी ही यंत्रं विकली जातात. अशा वेळी आईबाबांना न सांगता पट्टी ठेवणं मला अजिबात मान्य नाही. श्वास मोजताना त्यांचं लक्ष जाऊ नये, हे ठीक. पण मोजलं जातंय हे त्यांना माहीत हवं आणि त्यांचा होकार हवा. रात्री किती वेळा उठलो, कुठल्या रात्री झोपच लागली नाही, हे सगळं त्या नोंदींत दिसतं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा पायाही संमती हाच आहे. दुसरं म्हणजे, रात्री दोन वाजता इशारा बंगळुरूच्या फोनवर वाजला, तर दार कोण उघडणार? पट्टी घेण्याआधी शेजारच्या काकांशी बोला, एक किल्ली त्यांच्याकडे द्या आणि इशाऱ्यासाठी त्यांचाही नंबर जोडा.