सांगलीहून जर्मनीला एमएससाठी: कोणता कागद आधी, कुठून आणि कधी

जर्मनीत एमएस करायचं ठरलं की घरात पहिली चर्चा विद्यापीठाची होते आणि दुसरी पैशाची. कागदांकडं कुणाचं लक्ष नसतं, आणि मे-जूनमध्ये पळापळ होते ती कागदांपायीच. धाकट्या भावाची सगळी फाइल मी जमवली होती. व्हिसापेक्षा जास्त दिवस सांगली-कोल्हापूर फेऱ्यांतच गेले. म्हणून सुरुवात घरातल्या कपाटापासून करते.

दहावीची गुणपत्रिका, पदवीच्या गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. आपल्या गुणपत्रिकेवर बहुतेक वेळा आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि ‘गिव्हन नेम’चा वेगळा, दुसऱ्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र येतं. हा क्रमाचा फरक चालून जातो. घोटाळा होतो स्पेलिंगचा. एका कागदावर ‘आय’ तर दुसऱ्यावर दोनदा ‘ई’, कुठं वडिलांच्या नावापुढं ‘राव’ आहे, कुठं नाही. बारीक फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा. विजयनगरला कोर्टापाशी हे काम होतं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद फाइलला लावावी. पण चूक पासपोर्टमध्येच असेल तर प्रतिज्ञापत्रावर वेळ काढू नका, पासपोर्टच दुरुस्त करून घ्या. पुढचा प्रत्येक कागद त्यावरच्या नावानं निघणार आहे. सांगली जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. ३६ पानी पासपोर्टचं साधं शुल्क १,५०० रुपये, तत्काळला त्यावर आणखी २,०००.

आता पात्रता. मान्यताप्राप्त विद्यापीठाची, निवडलेल्या विषयाशी जुळणारी पदवी हवी. हे ‘जुळणं’ तिकडं फार काटेकोरपणे बघतात. मेकॅनिकलवाल्यानं डेटा सायन्सला अर्ज केला तर गणित आणि प्रोग्रामिंगचे विषय किती श्रेयांकांचे झालेत ते मोजलं जातं. त्यामुळं अभ्यासक्रमाची पुस्तिका जपून ठेवा. कॉलेज सोडल्यावर ती मिळवणं जिकिरीचं होतं. इंग्रजीतल्या अभ्यासक्रमांना आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बहुतेक ठिकाणी ६.५ लागतात आणि तो निकाल दोन वर्षंच चालतो.

गुणांचं गणित मात्र नीट समजून घ्या. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपला सीजीपीए तिकडच्या श्रेणीत बदलायला सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, कमाल गुणांतून उत्तीर्ण होण्याचे किमान गुण वजा करायचे, पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं, तीननं गुणायचं आणि एक मिळवायचा. समजा सीजीपीए १० पैकी ७ आहे. पास व्हायला ४ लागत असतील तर उत्तर २.५ येतं. किमान ५ धरले तर तेच ७ गुण २.८ होतात. अनेक अभ्यासक्रमांची अट २.५ ची असते. म्हणजे गुण तेच, पण उत्तीर्ण होण्याची रेषा कुठं आहे हे कागदावर नसेल तर प्रवेश हुकू शकतो. गुणपत्रिकेच्या मागं श्रेणींचा तक्ता छापलेला असेल तर ती बाजूही स्कॅन करा. नसेल तर विद्यापीठाकडून तसं पत्र घ्या.

हे पत्र, ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्रित उतारा) आणि पदवी प्रमाणपत्र या तिन्हींसाठी सांगलीतल्या बहुतेकांची गाठ कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाशी पडते. कॉलेज स्वायत्त असेल तर गुणपत्रिका कॉलेज देतं, पदवी विद्यापीठाची असते. कोणता कागद कोणाकडं मागायचा ते आधी विचारून घ्या, नाहीतर एक फेरी फुकट जाते. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर हातात पडतं, तोवर तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र लावता येतं. शेवटच्या वर्षाला असाल तर निकालाची वाट बघत बसू नका, झालेल्या सत्रांच्या गुणपत्रिकांवर अर्ज करता येतो. हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं आणि अर्जाची मुदत साधारण १५ जुलै असली, तरी परदेशी विद्यार्थ्यांसाठी ती बऱ्याच ठिकाणी मे किंवा त्याआधीच संपते.

पुढचा कागद एपीएस प्रमाणपत्र. भारतीय विद्यार्थ्यांची कागदपत्रं खरी आहेत का, हे दिल्लीतलं एपीएस कार्यालय तपासतं. १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी ते बंधनकारक आहे आणि अनेक विद्यापीठं अर्जाबरोबरच मागतात. शुल्क १८,००० रुपये. ऑनलाइन अर्ज भरायचा. पासपोर्ट, दहावी-बारावीच्या आणि पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, असेल तर पदवी प्रमाणपत्र जोडायचं. मुलाखतीची चिंता सहसा नसते, वेळेची असते. गर्दीच्या दिवसांत ते लांबतं, म्हणून आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत हा अर्ज जायला हवा. अनेक विद्यापीठांचे अर्ज ‘युनी-असिस्ट’ या अर्ज तपासणाऱ्या सामाईक संस्थेमार्फत जातात, तिथं पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. जर्मनीला जाणाऱ्या मुलांकडून ‘अपॉस्टिल करून देतो’ म्हणत पैसे घेतले जातात. अपॉस्टिल म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का. विद्यार्थी व्हिसाला ते लागत नाही. भारताच्या अपॉस्टिलला जर्मनीनं हरकत घेतलेली आहे, त्यामुळं तो शिक्का तिकडं कामाचाच नाही.

पैशाचा कागद म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. वर्षाच्या खर्चासाठी ११,९०४ युरो आधीच भरून ठेवायचे. तिकडं गेल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. युरो शंभर रुपये धरला तर हे जवळपास बारा लाख. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात मात्र सत्राला १,५०० युरो आहेत.

कर्ज काढायचं तर तारणापाशी आपल्या भागातली बरीच घरं अडतात. साडेसात लाखांपुढं बँका साधारणपणे तारण मागतात. तासगावची द्राक्षबाग कितीही चांगली असली तरी सातबाऱ्यावर शेतजमीन दिसली की शैक्षणिक कर्जाला बँका नाही म्हणतात, कारण थकबाकी झाल्यास बँकांना तारण ताब्यात घेऊन वसुली करू देणाऱ्या सरफेसी कायद्यानं शेतजमिनीवर कारवाई करता येत नाही. बिगरशेती प्लॉट किंवा घर लागतं. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये कितीतरी घरं गुंठेवारीत आहेत. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र नसेल तर तिथंही फाइल थांबते. मुलगा तिसऱ्या वर्षाला असतानाच वडिलांनी हे प्रमाणपत्र बघून ठेवलं तर पुढं घरात रात्रीची झोप उडत नाही.

स्वतःच्या पैशातून एका आर्थिक वर्षात १० लाखांपेक्षा जास्त रक्कम बाहेर पाठवली तर वरच्या भागावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जातो. विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळवता येतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस नाही. पतसंस्थेचं कर्ज या सवलतीत बसत नाही, कारण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे.

अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांनी कर्जाआधी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती बघावी: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत, वय ३५ च्या आत, पदवीला किमान ६० टक्के. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही आहे. दोन्हींना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो चालू वर्षाचा काढा.

प्रवेशपत्र आलं की व्हिसा. महाराष्ट्र मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाखाली येतो, शुल्क ७५ युरोंइतके रुपये. पासपोर्ट, फोटो, प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटचा दाखला, आरोग्य विमा, बायोडेटा, भाषेचा निकाल आणि हाच अभ्यासक्रम का, हे सांगणारं पत्र. ते पत्र स्वतः लिहा. निर्णयाला तीन महिनेही लागू शकतात. पूर्वी नकार आला तर फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली आहे. आता नवा अर्ज तरी करायचा किंवा जर्मनीतल्या न्यायालयात जायचं. त्यामुळं पहिलाच अर्ज पूर्ण असू द्या.

मूळ कागद विमानात हातातल्या बॅगेत ठेवा. तिकडं राहायला गेल्यावर साधारण दोन आठवड्यांत पालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते. तिला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, ते खोली घेतानाच मागून ठेवा. आणि निघण्यापूर्वी आई किंवा वडिलांच्या नावे एक अधिकारपत्र सही करून, ओळखपत्राच्या प्रतीसह घरी ठेवून जा. दीक्षान्त समारंभ झाल्यावर कोल्हापूरला जाऊन तुमची पदवी त्यांनाच आणायची आहे.